भागीदार संस्थांसोबतची बीएस्सी: ट्विनिंग, ड्युअल डिग्री, क्रेडिट बँक आणि संशोधन शिबिरं – संपूर्ण माहिती

बारावी सायन्सचा निकाल लागला की इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या गर्दीत बीएस्सीला जाणाऱ्या मुलांकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पण गेल्या काही वर्षांत बीएस्सीचे नियम खूप बदलले आहेत. पदवी एका कॉलेजची, पण काही अभ्यास दुसऱ्या संस्थेत, हे आता नियमात बसतं. अगदी परदेशी विद्यापीठातसुद्धा. याचा फायदा घेणारे विद्यार्थी आहेत, आणि याच नावाखाली मुलांच्या पालकांकडून लाखो रुपये घेणारे लोकही आहेत.

म्हणून आजच्या लेखात मी हा विषय सुरुवातीपासून समजावून सांगणार आहे. कुठला कार्यक्रम कसा चालतो, कुठे क्रेडिट मिळतात, कुठे फक्त अनुभव मिळतो आणि पैसे भरण्याआधी काय तपासायचं, हे सगळं आपण पाहू. उदाहरण म्हणून असं समजू, की तुमची भाची नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. हुशार आहे, पण कॉलेजची प्रयोगशाळा जेमतेम. तिच्यासाठी कुठले दरवाजे उघडे आहेत, हा आपला प्रश्न.

आधी ‘क्रेडिट’ समजून घेऊ

पूर्वी आपण ‘मार्क’ मोजायचो. आता पदवीचा हिशोब क्रेडिटमध्ये होतो. मराठीत याला श्रेयांक म्हणतात, पण कॉलेजात सगळे क्रेडिटच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.

मार्क सांगतात तुम्हाला किती येतं, आणि क्रेडिट सांगतात तुम्ही किती अभ्यास पूर्ण केला. साधारणपणे थिअरीचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट आणि प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. राष्ट्रीय पातळीवर तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्रात बऱ्याच विद्यापीठांनी सेमिस्टरला २२ क्रेडिट ठेवले आहेत, म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६.

दोन संस्थांमध्ये मिळून शिकायचं तर दोघांचं माप एकच हवं. क्रेडिट हे ते माप. एका ठिकाणी मिळवलेले ४ क्रेडिट दुसऱ्या ठिकाणी ४ क्रेडिट म्हणून मोजले गेले, तरच भागीदारीला अर्थ आहे. नाहीतर तो नुसता शैक्षणिक दौरा झाला.

क्रेडिट बँक कशी चालते?

यूजीसीने जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम आणले. सगळे तिला एबीसी म्हणतात. नावात बँक असली तरी हिचा पैशांशी संबंध नाही. डिजिलॉकरमध्ये लॉगिन करून खातं उघडता येतं आणि विद्यार्थ्याला १२ अंकी अपार आयडी मिळतो.

ही बँक कशी चालते ते पाहा:

१. तुम्ही एखादा विषय पास होता.
२. ज्या संस्थेत पास झालात, ती संस्था तुमच्या आयडीवर ते क्रेडिट जमा करते. विद्यार्थ्याला स्वतः क्रेडिट भरता येत नाहीत. कॉलेजने पाठवले तरच ते दिसतात.
३. पदवी घेताना जमा क्रेडिट ‘वटवले’ जातात. एकदा वटवलेले क्रेडिट दुसऱ्या पदवीसाठी परत वापरता येत नाहीत. चेकसारखंच आहे.
४. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात.

याला एक महत्त्वाची अट आहे. जी संस्था पदवी देणार, तिथून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. १३२ क्रेडिटच्या पदवीत किमान ६६ स्वतःच्या संस्थेचे. दहा ठिकाणचे तुकडे जोडून पदवी घेता येणार नाही.

मी वाचकांना नेहमी सांगतो, की आयडी काढून गप्प बसू नका. प्रत्येक सेमिस्टरनंतर डिजिलॉकर उघडून क्रेडिट आले का ते बघा. आले नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लगेच अर्ज द्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ही धावपळ करण्यापेक्षा पहिल्याच वर्षी केलेली बरी.

परदेशी विद्यापीठासोबतचे तीन प्रकार

जाहिरातीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे घातला जातो. यूजीसीने मे २०२२ मध्ये भारतीय आणि परदेशी संस्थांच्या सहकार्याचे नियम जाहीर केले. त्यात तीनच प्रकार आहेत.

*ट्विनिंग:* प्रवेश भारतीय संस्थेत. अभ्यासाचा काही भाग परदेशी संस्थेत. तिथले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. पदवी फक्त भारतीय संस्था देते. १३२ क्रेडिट धरले तर परदेशात जास्तीत जास्त ३९ क्रेडिट, म्हणजे पावणेदोन सेमिस्टरच्या आसपास.

*जॉइंट डिग्री:* दोन्ही संस्था मिळून अभ्यासक्रम बनवतात. प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट घ्यावेच लागतात. शेवटी दोघांचं मिळून एकच प्रमाणपत्र मिळतं.

*ड्युअल डिग्री:* दोन्ही संस्था आपापली स्वतंत्र पदवी देतात, पण विषय एकच आणि पातळीही एकच. इथे विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांच्या प्रवेशाच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. भारतीय संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट हवेत.

या नियमांतून मिळालेल्या पदवीला वेगळं ‘समकक्षता प्रमाणपत्र’ घ्यावं लागत नाही. बाहेरची पदवी घेऊन आलेल्यांना ज्या कागदांसाठी फिरावं लागतं, ते इथे वाचतं.

आता कोण असा करार करू शकतं? ज्या भारतीय संस्थेचा नॅक गुणांक किमान ३.०१ आहे, किंवा जी एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात आहे, किंवा जिला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा आहे, ती संस्था टाइम्स किंवा क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असलेल्या परदेशी संस्थेशी थेट करार करू शकते. बाकीच्यांना यूजीसीची मंजुरी लागते.

आणि दोन गोष्टींना साफ मनाई आहे. एक म्हणजे फ्रँचायझी. परदेशी विद्यापीठाचं नाव भाड्याने घेऊन इथे वर्ग चालवता येत नाहीत, मग त्याला नाव काहीही द्या. दुसरं म्हणजे हे नियम ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना लागू नाहीत. ‘घरबसल्या परदेशी विद्यापीठाची जॉइंट डिग्री’ असं कुणी म्हणालं, तर ती या नियमांखालची नाही, एवढं पक्कं समजा.

परदेशात न जाता: स्वयम आणि एनपीटीईएल

खरं सांगू का? आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी परदेशी करारापेक्षा हा मार्ग जास्त कामाचा आहे.

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावरचे विज्ञान आणि इंजिनीअरिंगचे बरेच कोर्स एनपीटीईएलचे आहेत, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी शिकवलेले. व्हिडिओ आणि गृहपाठ फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, त्याची फी साधारण १००० रुपये. परीक्षेला ७५ टक्के आणि गृहपाठाला २५ टक्के वजन असतं. पास होण्यासाठी परीक्षेत ७५ पैकी ३० आणि गृहपाठात २५ पैकी १० हवेत. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट धरतात.

२०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून घेता येतात. २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ढोबळ मानाने ८ क्रेडिट.

पण इथे एक मेख आहे. ‘घेता येतात’ म्हणजे ‘आपोआप मिळतात’ असं नाही. तुमच्या विद्यापीठाने तो कोर्स आधी मान्य केलेला हवा. म्हणून नोंदणी करण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटा, कोर्सचं नाव आणि कोड दाखवा, आणि तो कुठल्या विषयाच्या बदल्यात धरला जाईल हे लेखी घ्या. कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र घेऊन गेलात आणि ‘आमच्या यादीत नाही’ असं उत्तर मिळालं, तर शिकलेलं वाया जात नाही, पण क्रेडिट मात्र जातात.

एकाच वेळी दोन पदव्या

हा प्रकार ड्युअल डिग्रीपेक्षा वेगळा आहे, गल्लत करू नका. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन स्वतंत्र पदव्या करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकांत येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन असंही चालतं. पीएचडीला हा नियम लागू नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस अभ्यासक्रम. २०२० मध्ये तो सुरू झाला. शिकवणं ऑनलाइन, पण परीक्षा केंद्रावर बसून. जेईई लागत नाही. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावरची पात्रता परीक्षा असते. फाउंडेशन, डिप्लोमा, बीएस्सी आणि बीएस अशा पायऱ्या आहेत, आणि बीएससाठी १४२ क्रेडिट लागतात. मधल्या पायरीवर थांबलात तरी त्या पायरीचं प्रमाणपत्र मिळतं.

गावाकडच्या कॉलेजात फिजिक्स किंवा गणित घेऊन बीएस्सी करत हा अभ्यासक्रमही करता येतो. पण आठवड्याचे तास मोजा. दोन्हीकडचे गृहपाठ आणि परीक्षा एकाच महिन्यात येतात. माझं मत असं, की पहिली सेमिस्टर फक्त बीएस्सी नीट करा. वेळ हातात उरतो असं दिसलं, तरच दुसरीत हात घाला.

संशोधन संस्थांचे दरवाजे

आता माझा सर्वात आवडता भाग. इथे बहुतेक वेळा क्रेडिट मिळत नाहीत, पण विज्ञान शिकणाऱ्या मुलाचं आयुष्य बदलण्याची ताकद इथे जास्त आहे.

*निअस:* मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. त्यांचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा हा राष्ट्रीय कार्यक्रम २००४ पासून चालतो. बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांची शिबिरासाठी निवड होते. त्यातून पुढे काहींना शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करता येतो, आणि तो सुट्ट्यांमध्ये येऊन वर्ष-दोन वर्षं चालतो. कॉलेज सोडावं लागत नाही.

*विज्ञान अकादमींची समर फेलोशिप:* बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून ही चालवतात. विद्यार्थ्याला उन्हाळ्यात साधारण आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम मिळतं, सोबत विद्यावेतनही. अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरायचे असतात, आणि एका शिक्षकाची शिफारस लागते. एप्रिलमध्ये जाग आली तर उशीर झालेला असतो.

*रेडिओ खगोलशास्त्र:* पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए या संस्था कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण आहे, ती चालवणारी संस्था म्हणजे हीच एनसीआरए. म्हणजे जगभरातले शास्त्रज्ञ जिच्यावर वेळ मागतात ती दुर्बीण आपल्या जुन्नर तालुक्यात आहे!

*सीईबीएस:* इथे पदवीच भागीदारीतून उभी राहिली. मुंबई विद्यापीठ आणि केंद्राचा अणुऊर्जा विभाग यांनी २००७ मध्ये कालिन्याच्या आवारात हे केंद्र सुरू केलं. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित एमएस्सी अभ्यासक्रम, प्रवेश ‘नेस्ट’ या परीक्षेतून. विद्यापीठाचं आवार आणि संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांचं शिकवणं एकत्र आणायचं, ही यामागची कल्पना.

‘को-ऑप’ म्हणजे काय?

को-ऑप म्हटलं की आपल्याला साखर कारखाना नाहीतर पतसंस्था आठवते. शिक्षणातल्या को-ऑपचा अर्थ वेगळा. काही महिने वर्गात, काही महिने कंपनीत किंवा प्रयोगशाळेत पगारी काम, आणि ते काम पदवीचाच भाग. ही पद्धत १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. कॅनडाचं वॉटरलू विद्यापीठ १९५७ पासून याच पद्धतीवर वाढलं.

आपल्याकडे याची छोटी आवृत्ती म्हणजे नव्या अभ्यासक्रमातलं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी. ४ क्रेडिटच्या ओजेटीचे साधारण १२० तास होतात. बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून हे उरकतात. असं करू नका. जवळची माती परीक्षण प्रयोगशाळा, दूध संघाची गुणवत्ता तपासणी, साखर कारखान्याची प्रयोगशाळा, जलशुद्धीकरण केंद्र, अशा ठिकाणी केमिस्ट्रीच्या मुलाला १२० तासांत जे हाताने करायला मिळतं, ते कॉलेजात वर्षभरात मिळत नाही.

फसवणूक कशी ओळखायची?

डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने जाहीर इशारा दिला होता. काही संस्था आणि एडटेक कंपन्यांनी मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी करार करून पदव्या द्यायला सुरुवात केली होती, आणि अशा पदव्या मान्य होणार नाहीत असं आयोगाने स्पष्ट केलं. म्हणजे नुकसान कुणाचं? कंपनीचं नाही, ज्याच्या हातात ते प्रमाणपत्र आहे त्याचं. नोकरीच्या अर्जावर किंवा एमएस्सीच्या प्रवेशाला तो कागद टिकत नाही, आणि गेलेली तीन वर्षंही परत येत नाहीत.

पैसे भरण्याआधी हे सात प्रश्न विचारा:

१. पदवीवर नाव कुणाचं असेल? नमुना दाखवा म्हणा.
२. हा प्रकार ट्विनिंग, जॉइंट की ड्युअल? ‘इंटरनॅशनल पाथवे’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. नियमात असा प्रकार नाही.
३. भारतीय संस्थेचा नॅक गुणांक आणि परदेशी संस्थेचं क्रमवारीतलं स्थान काय? ते नॅकच्या आणि क्रमवारीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका.
४. कराराची मुदत किती? तुमची पदवी पूर्ण होईपर्यंत तो चालू राहणार आहे का?
५. मध्येच परत यावं लागलं तर काय? मिळवलेले क्रेडिट धरून इथे पदवी पूर्ण करता येईल का?
६. कॉलेज एखाद्या विद्यापीठाशी संलग्न असेल तर त्या विद्यापीठाची लेखी संमती कुठे आहे?
७. एकूण खर्च किती? फी वेगळी, व्हिसा, विमा, राहणं, विमानभाडं वेगळं. सगळं एका कागदावर मागा.

शिष्यवृत्तीबद्दलही सांगतो, कारण एजंट याचा आधार देऊन पालकांना तयार करतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणाला. बीएस्सीच्या ट्विनिंगचा खर्च त्यातून निघेल असं गृहीत धरून जमीन गहाण टाकू नका.

मग कुणी काय निवडावं?

हे माझं मत आहे, तुमची परिस्थिती बघून ठरवा.

घरची ऐपत आहे, भारतीय संस्था चांगली आहे आणि वरच्या सातही प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली, तर ट्विनिंग किंवा ड्युअल डिग्रीचा विचार जरूर करा. प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर बीएस्सीसोबत ऑनलाइन बीएस. संशोधनात जायचं असेल तर निअस आणि समर फेलोशिपच्या तारखा आजच कॅलेंडरवर लावा.

आणि आपल्या नांदेडकडच्या भाचीला मी तर असं सांगेन: पहिल्या वर्षी अपार आयडी काढ आणि निअसचा अर्ज भर. दुसऱ्या वर्षी विभागप्रमुखांची लेखी संमती घेऊन एक एनपीटीईएलचा कोर्स कर आणि हिवाळ्यात समर फेलोशिपचा अर्ज टाक. तिसऱ्या वर्षी ओजेटी खऱ्या प्रयोगशाळेत कर. या सगळ्याचा खर्च म्हणजे परीक्षेची फी, थोडाफार प्रवास आणि इंटरनेट. कर्ज काढावं लागत नाही. निवड नाही झाली तरी अर्ज लिहिताना ‘मला नेमकं काय शिकायचंय’ हे तिला स्वतःला कळतं, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज जास्त चांगला होतो.

नियम, फी आणि तारखा बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजी माहिती एकदा पाहून घ्या. आणि ओळखीत कुणी बीएस्सीला असेल, तर ते सात प्रश्न तेवढे नक्की पोचवा.